दातातली काडी

हिरवी? हिरवी कुणी सांगितली तुमाला? शिनेमा काळापांढरा, गाणं काळंपांढरं, आन् साडी म्हणं हिरवी. मोबाईलवर कुणीतरी त्यात रंग भरून टाकलाय, त्ये बगून सगळ्या शाळा हिरव्या नेसायला लागल्यात. दरसाल गॅदरिंग आलं की माझ्या ह्या दुकानात हीच कटकट — रंभाबाई, हेमावतीच्या गाण्याची हिरवी नऊवारी द्या, रंभाबाई, दातात धरायची सोनेरी काडी द्या. आवो, काडी सोनेरी कुटनं आली? त्यो सात रस्त्याच्या पलीकडचा फॅन्सीवाला इकतोय प्लास्टिकच्या, पाकिटात घालून, वर तिचा फोटू. त्याच्याकडं जावा. माझ्याकडं न्हाईत. बसा — न्हाय, त्या पेटीवर न्हवं, मुकुट हायत त्यात, दबतील. स्टुलावर बसा. मंडळाकडनं आलाय, उत्कर्षा म्हणला न्हवं नाव? बसा, उत्कर्षा म्याडम.

साडी कसली व्हती ती ह्या रंभाबाईला इचारा. वांगी रंगाची इरकल, तांबड्या टोपाच्या पदराची. माझ्या आईची व्हती, रोजच्या नेसणीतली. कॅमेऱ्यात ती काळी दिसली आन् लोकांनी आपापल्या डोक्यानं रंगवली. असू द्या. धा पोरी नाचणार म्हणताय, धा नऊवाऱ्या देते. शिवलेल्या हायत, पायजम्यागत चढवायच्या, नाडी बांधायची, झालं. आता नेसवायला येतंय कुणाला, आन् नेसून घ्यायला दम कुणाला हाय. पण ह्ये दुसरं काय म्हणला — काचेचं कपाट? नव्या हॉलच्या दारात काचेचं कपाट, त्यात तिची खरी साडी, वर तिचा फोटू, आन् कपाट उघडायला डायरेक्टर आदिनाथरावांचा पोरगा. साडी माझ्या ट्रंकेत हाय ह्ये कुणी सांगितलं? गल्लीतल्या बायांनी. व्हय, सांगणारच त्या. साडी मिळायची न्हाय. का, ते इचारू नका. न्हाय मिळायची.

आन् ह्ये कार्ड. द्या हिकडं, येतंय मला वाचाया, सातवी झालीय माझी. ‘ज्येष्ठ अभिनेत्री व नृत्यांगना कै. हेमावती यांच्या प्रथम स्मृतिदिनी, त्यांच्या विश्वासू सहकारी श्रीमती रंभाबाई यांचा सत्कार.’ विश्वासू. ह्यो शब्द कुणी घातला? कुणाला इचारून घातला? पर्समधी पेन असंल की, काढा, खोडा तेवढा. सगळी छापून झालीत? मग सगळ्यांवर खोडा. सहकारी म्हणा, नेसवणारी म्हणा, मोलकरीण म्हणला तरी माझं काय म्हणणं न्हाय. न्हाय, मी चिडले न्हाय. माझा आवाजच असा हाय. चहा सांगू? नको तर नको.

आता आठवण आली व्हय तुमच्या मंडळाला. चांगलं झालं. जिती असताना विजापूर रोडला त्या गल्लीत दोन खोल्यांत ऱ्हायची, तवा कुणी फिरकलं न्हाय. चार शेळ्या आन् एक बोकड, एवढा तिचा संसार. सकाळच्या पारी सोता घिऊन जायची माळाला. धनगराची पोर, तिला काय त्याची लाज. पण तुमचे अध्यक्ष — चन्नवीर शेठच न्हवं का? त्येच. त्यांच्या बंगल्याम्होरं लेंड्या पडायच्या. शिनेमाची नटी शेळ्या राखती, गावाची अब्रू जाती, असा मुन्शिपाल्टीत अर्ज केला त्यांनी. एक दिस गाडी आली आन् शेळ्या भरून न्हेल्या. ही दोन दिस जेवली न्हाय. तिसऱ्या दिशी मी भाकरी घिऊन गेले तर मोकळं दावं मांडीवर घिऊन बसलेली. आन् आता शेठ फोटूला हार घालणार. घाला म्हणावं, हाराला लेंड्यांचा वास येत न्हाय.

बगू ते माहितीपत्रक. ‘लहानपणापासून शास्त्रीय नृत्याचे धडे.’ कुणाकडं घेतले? मेंढरांकडं? हेमावती ह्ये नाव कंपनीनं ठेवलं, मायाक्का पोस्टरवर बसत न्हाय म्हणून. चिंचलीच्या मायाक्काला नवस बोलून झालेली ती, म्हणून मायाक्का. मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला गाव, सगळा कोरडा मुलूख. बाप सिदू आठ म्हैने मेंढरं घिऊन रानोमाळ. बिरुदेवाच्या जत्रंत बापय माणसं ढोलावर गजी नाचायची — बायांनी नाचायचं न्हाय त्यात, बगायचं. ही सात वर्साची पोर मेंढरांच्या मागं उभी ऱ्हाऊन त्येच पाय टाकायची. बाप मेल्यावर आईनं तिला सोलापुरात आणली, आई गिरणीत लागली, आन् आमच्या शेजारची खोली घेतली. पुढं गुरू केला तिनं, त्ये खोटं न्हाय. पण पाय गजीचा. पेपरवाले लिवायचे, हेमावतीचा पाय येगळाच पडतोय. येगळा पडणारच की. ढोल ऐकून पडत व्हता त्यो, बाजाची पेटी ऐकून न्हाय.

आन् तिला नऊवारी पहिल्यांदा नेसवली माझ्या आईनं. काशम्मा. तुमच्या पत्रकात काशम्मा ह्ये नाव हाय का कुटं? मागच्या पानावर? न्हाय. मला म्हाईत व्हतं न्हाय म्हणून. आई अक्कलकोटकडची, बोलणं निम्मं कानडी, पण हात — मेळे, नाटकं, तमाशाचे फड सोलापुरात उतरले की नेसवायला काशम्माच पायजे. तिनं नेसवलेला काष्टा गुडघ्याला चिकटायचा न्हाय आन् कमरंतनं ढळायचा न्हाय. मायाक्काची आई गिरणीतनं यायची अंधार पडल्यावर, तवर ही आमच्याच चुलीपाशी. काशाक्का म्हणायची आईला. माझ्या ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात जायची आन् मी वरडले की आई म्हणायची, तिला नाचायचं हाय, तुला नेसवायचं हाय, नाचणारीला जास्त लागतंय. तवापास्नं मला ठरवून दिलं व्हतं बगा. ती नाचायची, मी नेसवायचं. मला कुणी इचारलं न्हाय.

काडीचं सांगू म्हणताय? तेच तर सांगते, मधी बोलू नका. काडी ही अदा न्हाय, इशारा न्हाय, काय न्हाय. आमच्यात रीत हाय. माणसाच्या अंगावर असलेला कपडा शिवायचा नसतोय. अंगावर शिवतात त्ये मड्याच्या. पण नेसवणारणीला टाका घालावाच लागतोय कधी कधी, मग काय करायचं? ज्याच्या अंगावर शिवायचं त्याच्या दातात केरसुणीची काडी द्यायची. काडी दातात असली म्हंजे ह्ये जितं माणूस हाय असं सुईला कळतंय. टाका पुरा झाला की नेसवणारीनं दोरा दातानं तोडायचा, कट् असा आवाज झाला की नेसणारीनं काडी टाकून द्यायची. तवर बोलायचं न्हाय. बोलणार कसं, तोंडात काडी. मागं काय चाललंय ते दिसत न्हाय, बोलता येत न्हाय, नुसतं उभं ऱ्हायाचं. पटलं न्हवं? आजकालच्या पोरींना पटत न्हाय.

तर कोल्हापूरचा स्टुडिओ, एकोणसत्तर साल. मी सतरा वर्साची, ती चोवीस-पंचवीस. आईच्या पायाला सूज, म्हणून आईनं मला पाठवली आन् संगं आपली ही इरकल दिली, कंपनीच्या झुळझुळीत साडीवर काष्टा धरायचा न्हाय म्हणून. गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला बसून गिरकी, आन् त्याच झोकात उठायचं. बसून गिरकी घेतली की काष्टा सुटतोय, कितीबी आवळा. सकाळधरनं सात वेळा सुटला. डायरेक्टर आदिनाथराव माझ्या आईवरनं शिव्या घालाया लागले. मी म्हटलं टाके घालते. काडी दिली तिला, मागं बसले, नऊ टाके घातले, आन् दोरा तोडायला तोंड म्होरं न्हेलं तवर आदिनाथराव वरडले, लाईट जाती, पळ. ती पळाली. दोरा लोंबतोय, काडी दातात. काढायची कशी, दोरा तुटल्याचा आवाज झाला न्हवता की. तशीच नाचली. तिसऱ्या कडव्याला बसली, फिरली, उठली, काष्टा जागच्या जागी, आन् काडी दातात घट्ट धरून ती हसली — माझ्याकडं बगून हसली, मी कॅमेऱ्याच्या मागं उभी व्हते. त्यो ह्यो फोटू. तुमच्या कार्डावरचा. लोक म्हणतात काय नजर हाय, कुणावर रोखलीय. कुणावर न्हाय. टाका टिकला म्हणून मला सांगत व्हती ती.

आधी आदिनाथराव भडकले, तोंडात काय कचरा धरलास म्हणून. मग पडद्यावर बगितलं आन् तसंच ठेवलं. आन् शिनेमा चालला तसं ज्याला त्याला सांगत सुटले — काडी माझी कल्पना. शेवटपतोर तेच सांगत मेले. आता त्यांचा पोरगा सांगंल तुमच्या व्यासपीठावर. मग पुढं प्रत्येक शिनेमात काडी. टाका असो नसो, काडी पायजे. पुण्याच्या नाटकगृहात लोक काड्या फेकायचे स्टेजवर. बारा-तेरा शिनेमे झाले, सगळ्यात नेसवायला मीच. पुण्याला, कोल्हापूरला, कुर्डुवाडीच्या फलाटावर सहा-सहा तास पेटीवर बसून काढलेत आमी, एका चादरीत. माझी सोयरीक दोनदा मोडली, नाचणारीबरोबर फिरती म्हणून. त्याचं मला काय वाटलं न्हाय. खरंच न्हाय वाटलं.

मला वाटलं ते रेडिओचं. अठ्ठ्याहत्तर साल. तवा रंगीत शिनेमे आले व्हते, नव्या पोरी आल्या व्हत्या, हिला कामं कमी झाली, स्टेजचे कार्यक्रम करायची. आई आंथरुणाला खिळलेली, म्हणून मी सोलापुरातच. हिची मुलाखत रेडिओवर लागणार म्हणून कळलं. आईनं मला सांगून केस विंचरून घेतले. आवो, रेडिओ ऐकायला केस. उशाला रेडिओ ठेवला. इचारणारीनं इचारलं, तुमची नेसण एवढी घट्ट, एवढी सुरेख, कुणाकडनं शिकला? आन् ही म्हणली, माझी मीच नेसते. काडीचं इचारलं तर म्हणली, ती आदिनाथरावांची कल्पना. झालं. मग गाणं लागलं. आई गाणं सरंपतोर वाट बगत व्हती, पुढं काय तरी बोलंल म्हणून. बातम्या लागल्या. आई म्हणली, रंभे, आपलं नाव आलं का? मधीच माझा डोळा लागला बग. डोळा लागला न्हवता. टकाटका बगत व्हती रेडिओकडं. मी म्हटलं, आलं की, दोनदा आलं. ती म्हणली, बरं झालं. आन् भितीकडं तोंड करून निजली.

तिला तसं बोलाया सांगितलं असंल, मला कळत न्हाय व्हय? आदिनाथरावांच्या पुढच्या शिनेमात काम मिळंल म्हणून बोलली असंल. पोटासाठी माणूस काय काय बोलतंय. पण एक नाव. काशम्मा. तीन अक्षरं. किती वेळ लागतोय म्हणायला? सतरा दिसांनी आई गेली. मी हिला कळवलं न्हाय. तार केली न्हाय, पत्र टाकलं न्हाय. कशाला कळवायचं, तिची तीच नेसती की.

आन् त्याच्या पुढच्याच म्हैन्यात तो सोलापुरातला कार्यक्रम. तुमच्या पत्रकात एका ओळीत उरकलाय बगा — ‘सोलापूरच्या कार्यक्रमानंतर त्यांनी नृत्यसंन्यास घेतला.’ संन्यास म्हणं. दुपारचा खेळ व्हता, खास बायकांचा. बापय माणसाला आत सोडलं न्हवतं. सगळ्या सोलापूरच्या बाया, वकिलीणबाई, डाक्टरीणबाई, गिरणीतल्या, इडी वळणाऱ्या, लेकरं कडेवर घिऊन. त्याच गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला ही बसली, फिरली, उठली, आन् काष्टा सुटला. सगळी साडी पायाशी. आत गुडघ्यापतोर चड्डी घालतातच नाचणाऱ्या, तसं उघडं काय पडलं न्हाय. पण बाया हसल्या. बापय शिट्ट्या मारतात, त्याची नाचणारीला सवय असती. बाया हसतात तवा — पाठीमागच्या रांगंपास्नं सुरू झालं आन् म्होरं आलं. ज्यांनी आदल्या रातीला नवऱ्याचा मार खाल्ला असंल त्याबी हसल्या. मी पडद्याआड इंगेत उभी. ढोलकीवाला थांबला न्हाय, त्याला दिसलंच न्हाय. ही तशीच उभी ऱ्हायली. वाकली न्हाय, पळाली न्हाय. काडी दातात तशीच. ढोलकी थांबली, मग हळूच साडी गोळा केली, छातीशी धरली, आन् चालत आत आली. त्या दिसापास्नं तिनं पायात चाळ बांधला न्हाय. चौतीस वर्साची व्हती. ह्या गावानं मारली तिला, म्याडम. लिवा ते पत्रकात. हसून मारली.

काय म्हणला? साडी जुनी व्हती, विरली व्हती? पेपरात तसं आलंय? दावा ते कात्रण. व्हय, हिनंच सांगितलं व्हतं पेपरवाल्याला — ‘साडी जुनी झाली होती, टाक्यापाशी विरली.’ सगळ्यांना हेच सांगितलं तिनं जलमभर. पण तुमी तरी काय तरी अक्कल लावा की. इरकल विरंल? हातमागाची इरकल, माझ्या आज्जीनं नेसली, आईनं नेसली, धुण्याच्या दगडावर बडवली, ती टाक्यापाशी विरंल? आन् टाका तुटला म्हणताय? माझा टाका? ह्या हाताचा टाका? कोल्हापुरात एका दिसात तीस-तीस वेळा गिरकी घेतलीय तिनं माझ्या टाक्यावर. माझा टाका आजवर तुटला न्हाय. साडी विरली न्हाय आन् टाका तुटला न्हाय. टाका असावा लागतोय तुटायला.

असं काय बगताय?

आता बसा. उठू नका. निघालंय तोंडातनं तर ऐका पुरं. दुपारी दोनला मी मेकपच्या खोलीत गेले. ती आरशाम्होरं उभी. मला बगून हात पसरले. मी आईची इरकल पिशवीतनं काढली. ती म्हणली, काशाक्का कशी हाय? मी म्हटलं, बरी हाय. ती आरशातनं बगत ऱ्हायली माझ्याकडं. मी नेसवली. ओचा, निऱ्या, काष्टा, सगळं आई नेसवायची तसं, एक चुणी हिकडची तिकडं न्हाय. मग तिनं हात म्होरं केला, काडीसाठी. मी काडी दिली. दातात धरली तिनं. मी मागं बसले. पिशवीतनं सुई काढली. दोरा काढला न्हाय. मोकळी सुई चालवली, म्याडम. नऊ वेळा. सुई कापडातनं जाती ती अंगाला कळती, दोरा कुटं कळतोय. आन् झाल्यावर मी तोंड म्होरं न्हेलं, तिच्या कमरंपाशी, आन् दात वाजवले. कट्. नुसते दात. ती काडी टाकणार, तर मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, तुझ्या लोकांना काडी आवडती, आदिनाथरावांची कल्पना हाय. तशीच गेली ती स्टेजवर.

वाईट वाटावं, एवढंच मनात व्हतं. स्टेजवर जरा ढळावा काष्टा, तिनं हातानं सावरावा, आत येऊन मला इचारावं, मग मी सांगणार व्हते — तुझी तूच नेसतीस न्हवं. एवढंच बोलायचं व्हतं मला. पाठ करून गेले व्हते. सगळी साडी पायाशी येईल असं न्हवतं वाटलं. बाया हसतील असं न्हवतं वाटलं. खोटं. वाटलं व्हतं. नेसवणारी हाय मी, कुठला टाका नसला की काय सुटतंय ते मला कळत न्हाय व्हय.

आत आली ती साडी छातीशी धरून. म्होरं बसली. काष्ट्याची कड हातात घेतली, बोटं फिरवली तिच्यावर, नुसती सुईची भोकं लागली हाताला. मला वाटलं आता थोबाडीत मारंल. मी गाल म्होरंच केला व्हता. तिनं काडी काढली तोंडातनं, माझ्या हातावर ठेवली. आन् म्हणली, ‘काशाक्का गेली ते मला दारातच वॉचमननं सांगितलं. तू सांगशील म्हणून थांबले व्हते.’ बास. परत त्या गोष्टीवर एक शब्द न्हाय. पंचेचाळीस वर्सं. बाहेर पेपरवाले उभे व्हते, त्यांना जाऊन म्हणली, साडी जुनी व्हती. माझं नाव घेतलं असतं तर ह्या जिल्ह्यात एका बाईनं मला पदराला हात लावू दिला नसता. ह्ये दुकान, ह्या पेट्या, ह्यो सगळा धंदा त्या एका खोट्यावर उभाय. रेडिओवर खरं बोलली न्हाय आन् तितं खोटं बोलली, आन् दोन्ही बारीला मीच मेले.

आन् दर संक्रांतीला यायची हितं. ह्याच स्टुलावर बसायची, तुमी बसलाय तितं. हातावर तिळगूळ ठेवायची. शेळीचं दूध आणायची तांब्यात. काय गं, गुडघे कसे हायत, एवढंच. आवो, एक शिवी द्यायची की. रंडके म्हणायचं, चांडाळणी म्हणायचं, मी भांडले असते, रेडिओचं काढलं असतं, आईचं काढलं असतं, मोकळी झाले असते. तिनं मला भांडू दिलं न्हाय. लोक म्हणतात मनानं मोठी व्हती. मोठी कसली. पंचेचाळीस वर्सं तिळगूळ खायाला घातला तिनं मला, त्यो गिळायचा कसा ते मला इचारा.

गेल्या साली संक्रांत झाली आन् चौथ्या दिशी गेली. शेळ्या न्हेल्यापास्नं अंगात काय ऱ्हायलंच न्हवतं तिच्या. गल्लीतल्या बाया मला बोलवायला आल्या — तिला नऊवारी नेसवायची हाय, आमाला येत न्हाय. मी ट्रंक उघडली. तुमाला काचेच्या कपाटात पायजे ना, तीच साडी. व्हय, वांगी इरकल. एवढीशी झाली व्हती ती, दोनदा गुंडाळली तरी उरत व्हती. दोघींनी तिला धरली आन् मी नेसवली. ओचा, निऱ्या, काष्टा. मग सुई काढली, पिळाचा दुहेरी दोरा घातला. चष्मा न्हवता, तरी घातला. बाया म्हणल्या, अगं आता कशाला टाके, हिला काय नाचायचंय? जुनी भोकं तशीच व्हती कापडात, नऊच्या नऊ. त्याच भोकांतनं टाके घातले. दोरा दातानं तोडला. कट् असा आवाज झाला, सगळ्यांनी ऐकला. मग बायांनी तिच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं. मी त्यांच्याच केरसुणीची काडी मोडून आणली. एक म्हातारी वरडली माझ्यावर, मड्याला काडी लागत न्हाय रंभे, येडी झालीस का, तुझ्याच आईची रीत ना ही? मला काय म्हाईत न्हाय व्हय रीत. तरी ठेवली मी काडी. दातात धरली न्हाय तिनं. घरंगळली. परत ठेवली. परत घरंगळली.

साडी तिच्याबरोबर गेली. ट्रंकेत न्हाय ती. बगायची तर बगा उघडून, मुकुट हायत आन् दाढ्या हायत.

ह्ये कार्ड घ्या. खोडलं न्हाय अजून तुमी त्ये. पेन तसंच हातात धरून बसलाय. द्या हिकडं, मी खोडते... हं. आता न्ह्या. तो मधला शब्द गेला की बाकीचं काय बी ठेवा, मी येणार न्हाय.

डोळे पुसा, पोरी, ह्ये मला चालत न्हाय दुकानात. तुझ्या त्या धा जणींना गुरुवारी घिऊन ये सकाळच्याला. शिवलेल्या न्हाय देत मी, खऱ्या नऊवाऱ्या देते, उभ्या ऱ्हा म्हणावं दम धरून. सगळ्यांना नेसवीन मी. केरसुणी तितं कोपऱ्यात हाय, धा काड्या काढून ठेवीन. आन् एकेकीला सांग, मी मागं बसले की मला आधी इचारायचं, रंभाबाई, सुईत दोरा हाय का? इचारल्याबिगार काडी तोंडात घ्यायची न्हाय. एवढं शिकव त्यांना.

जावा आता. जावा म्हटलं न्हवं. गिऱ्हाईक यायची येळ झाली.